गाडीच्या कानात

ऐंशीच्या दशकात आम्ही वेस्ट विंडसरला राहायचो. सकाळी मी न्यूयॉर्कच्या लोकलची वाट बघत असायचो, तेव्हा वॉशिंग्टनला जाणारी सुपरफास्ट आमच्या स्टेशनला न जुमानता धाडधाड निघून जायची. ती आली, की लाल हातमोजे घातलेली एक अमेरिकन बाई टोपी घट्ट धरायची आणि त्या गडगडाटात घसा फोडून काहीतरी ओरडायची. गाडी गेली, की टोपी सारखी करून पुन्हा सभ्य चेहऱ्याने उभी.

एकदा मी विचारलंच. म्हणाली, "ही थांबत नाही ना, म्हणून हिला मनातलं सांगता येतं. तूही सांग!"

त्याच लोकलने जाणारा माझा अमेरिकन बॉस जवळच पेपर वाचत उभा होता. पण माझ्या अंगात वारं शिरलं होतं. गाडी आली आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "माझा बॉस एक नंबरचा गाढव..."

इंग्रजीत वेळेत संपलं असतं हो. मराठीत क्रियापद शेवटी! गाडी निघून गेली आणि शांत प्लॅटफॉर्मवर माझं एकटं "आहे!" दणाणलं.

बॉसने पेपर खाली केला. "आहे? म्हणजे काय?"

मी तोंड उघडायच्या आत बाई गंभीरपणे म्हणाली, "त्यांच्यात गुड मॉर्निंगला तसं म्हणतात."

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पण मी ती नोकरी सोडेपर्यंत बॉस रोज सकाळी हात उंचावून मला म्हणायचा, "आहे!"

आणि मीही अगदी मनापासून म्हणायचो, "आहेच!"