सासूबाईंनी पोसलेले ढालकिडे

माझी बायको किडे पाळते, असं पुण्यात सांगितलं की लोक विषय बदलतात. पण तिचं कामच ते आहे. बीटी कपाशीत बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार होतं. मग त्या झाडावरची मावा ही बारीक कीड खाणाऱ्या ढालकिड्याला, म्हणजे शेतकऱ्याच्या दोस्ताला, काही अपाय होतो का, हे ती इथे बेंगळुरूत एका प्रयोगशाळेत तपासते.

गेल्या दिवाळीत प्रयोगशाळेला सुट्टी, आणि किड्यांना तर रोज खायला हवं. म्हणून ढालकिड्यांची काळपट, काटेरी पिल्लं सर्जापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. हिरव्या झाकणाच्या डब्यांत बीटीवरचा मावा खाणारी, पांढऱ्या झाकणाच्या डब्यांत साध्या कपाशीवरचा. डबेच उरले नाहीत, त्यामुळे चकल्या कुकरमध्ये ठेवल्या. त्याच सुमारास पुण्याहून आई आली. तिला झाकणांचा अर्थ मीच समजावला, आणि विषाचा भाग जरा रंगवून सांगितला.

सुट्टी संपता संपता बायकोने डब्यांवर वाकून पिल्लं पुन्हा पुन्हा तपासली. हिरव्या झाकणाखालची पिल्लं पांढऱ्याखालच्यांपेक्षा चांगलीच गुबगुबीत झाली होती. असं कसं होईल, हेच ती दिवसभर बोलत राहिली. जेवताना तिने ते आईलाही सांगितलं. आईने हातातली पळी खाली ठेवली.

"अगं, त्यांना मी वरून थोडं घालत होते. रोज तेच विषारी खाणार बिचारी."

आई 'स्वल्प' हा एकच कन्नड शब्द शिकली होती. तेवढ्या भांडवलावर ती तळमजल्यावरच्या अक्कांकडे जायची आणि जास्वंदीची मावा पडलेली डहाळी घेऊन यायची. अक्कांना वाटायचं, पूजेसाठी नेते.

बायकोने ताट बाजूला सारलं. मग शांतपणे म्हणाली, "आई, पांढऱ्या डब्यांत का नाही घातलंत?"

"त्यांचं काय, ती चांगलंचुंगलं खात होती."

यावर बायकोला हसू आवरेना. प्रयोग मात्र वाया गेला. तिने तो प्रयोगशाळेत पुन्हा पहिल्यापासून केला. या खेपेला दोन्हीकडची पिल्लं सारखीच वाढली. निदान या किड्याला तरी त्या माव्यातून अपाय दिसत नाही, असं तिने पुण्याला फोन करून सांगितलं.

आईने सगळं ऐकून घेतलं, आणि तिथे त्यांना वेळेवर जेवायला कोण घालतं, एवढंच विचारलं.