वरून दोन कप उकळतं पाणी

गळतीवाले काका आयुष्यभर पाण्याला पाण्यात पाहत आले. त्यांचा धंदाच तो. कुणाची गच्ची झिरपायला लागली, कुणाच्या भिंतीला ओल आली, कुणाच्या न्हाणीघराखालचा शेजारी भांडायला उठला, की काकांना बोलावणं यायचं. काका यायचे, भिंतीला तळहात लावायचे, डोळे मिटायचे आणि चीर कुठे आहे ते सांगायचे. बहुतेक वेळा बरोबर. चुकलेच तर दोष बांधणाऱ्याचा. "पाणी खाली जायला बघणार, आपण त्याला जाऊ द्यायचं नाही," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. त्याच्या जिवावर त्यांनी एक घर उभं केलं आणि एक मुलगी शिकवली.

त्यांची बायको शाळेत गणित शिकवायची. गल्लीतले सगळे त्यांना बाई म्हणत, आणि चिडवायची लहर आली की काकाही. बाईंच्या घरात अंदाजपंचे काही चालत नसे. मीठसुद्धा चिमटीत नाही, मापाच्या चमच्यात. तर गेल्या थंडीत या बाईंच्या मेंदूतली एक बारीकशी नस फुटली. हातपाय सावरले, पण शब्द सैरभैर झाले. पंख्याला खिडकी म्हणायच्या, मंगळवारला रविवार. डॉक्टर म्हणाले, "आत किती शाबूत आहे, ते हळूहळूच कळेल."

हे हळूहळू काकांना झेपलं नाही. त्यांनी सोपा मार्ग काढला. बाई काहीही म्हणाल्या की "हो हो" म्हणायचं आणि स्वतःला पटेल ते करायचं. बाईंचं वाक्य अडलं की पुढचा शब्द आपणच पुरवायचा, मग तो त्यांच्या मनातला असो वा नसो. मुलगी फोनवर सांगायची, "बाबा, घर विकून टाका आणि आईला घेऊन इकडेच या राहायला. तिला आता कुठे काय कळतंय?" काका बाल्कनीत जाऊन हळू आवाजात म्हणायचे, "तसंच करू. पुढच्या महिन्यात." बाईंना कुणी विचारलं नाही. दोघांच्याही मायेत काही कमी नव्हतं, पण माणूस समोर बसलेलं असताना त्याला हिशेबातून वजा करायचं, ही कसली माया?

त्यातच बाईंचं अन्नावरून मन उडालं. दोन घास खाऊन ताट बाजूला. एका दुपारी काका अगदी काकुळतीला आले. "अगं, खा ना काहीतरी. तुला काय खावंसं वाटतं ते तरी सांग."

"पुडिंग," बाई म्हणाल्या. "चॉकलेटचं. गरम."

हे शब्द कसे स्वच्छ आले. हे पुडिंग बाई लग्न झाल्यापासून करत आल्या होत्या. काका दिवसभर कुणाच्या तरी गच्चीवर डांबर ओतून घरी आले की ओव्हनमधून वास यायचा आणि समोर बशी यायची. वर मऊ केक, खाली दाट काळा रस. काकांनी ते पोटभर खाल्लं होतं, होताना मात्र एकदाही पाहिलं नव्हतं. रस वेगळा करून बशीत ओतत असतील, अशी त्यांची आपली समजूत.

"बेकरीतून घेऊन येतो," काका म्हणाले.

"नाही. घरी. तुम्ही करा, मी सांगते."

बाई दारापाशी खुर्चीत बसल्या आणि काका त्यांच्याकडे पाठ करून ओट्याशी उभे राहिले. मैदा, साखर, कोको, चमचाभर बेकिंग पावडर. मग दूध आणि वितळवलेलं लोणी. मध्ये एकदा बाई मैद्याला खडू म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. काकाही हसले. सगळं घोटून चिनी मातीच्या भांड्यात ओतलं. वर कोको आणि साखर कोरडीच भुरभुरवली. झालं, म्हणून काका ओव्हनकडे वळले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आता पाणी. उकळतं. दोन कप. वरून."

"कशाच्या वरून?"

"त्याच्याच. आणि ढवळायचं नाही."

इथे माशी शिंकली. इतका वेळ सगळं कसं शहाण्यासारखं चाललं होतं, आणि आता बाई केल्या कष्टांवर पाणी ओतायला सांगत होत्या. पुडिंग गेलं तर गेलं, त्याचं दुःख नव्हतं. मुलगी म्हणत होती तेच खरं होतं, आणि ते असं मैद्याने माखलेल्या हातांनी कळावं, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

"हो हो," ते म्हणाले.

किटलीतलं पाणी उकळलं. काकांनी किटली उचलली आणि हळूच सिंककडे वळवली. बाईंना त्यांची पाठच दिसत होती. ओतल्याचा आवाज आला की त्यांचं समाधान झालं असतं.

"अहो," मागून बाई म्हणाल्या, "तुम्ही नुसतं हो हो म्हणता, ते कळतं मला."

आजारपणानंतर इतकं लांब, सरळ वाक्य त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या. काकांना मागे वळून बघवेना. त्यांनी किटली पुन्हा भांड्यावर आणली आणि ओतायला सुरुवात केली. एक कप गेलं, मग आणखी थोडं, आणि पुढे हातच चालेना. उरलेलं पाणी किटलीतच ठेवून त्यांनी झाकण लावलं. भांड्यात वर काळं पाणी तुंबून राहिलं होतं. अशी गच्ची कुणी दाखवली असती तर काकांनी कंत्राटदाराची सालटी काढली असती.

भांडं ओव्हनमध्ये गेलं. काका स्टूल ओढून काचेसमोर बसले. बराच वेळ काही घडेना. मग कडेने बुडबुडे यायला लागले. मग मधोमध पाण्यातून एक तपकिरी टेकाड वर आलं. शेजारी दुसरं, पलीकडे तिसरं. टेकाडं पसरत एकमेकांना भिडली आणि पाणी मागे मागे हटत गेलं. बघता बघता वर पाण्याचा टिपूस उरला नाही. केक फुगला, जरासा तडकला, आणि तो जुना वास घरभर झाला. काका तोंडात बोट घालून बघत राहिले.

भांडं बाहेर काढल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर वाकून त्याचा तळ तपासला. मग ओव्हनच्या जाळीखाली फडकं फिरवून पाहिलं. सगळं कोरडं ठणठणीत.

"गेलं कुठे पाणी?" काकांनी विचारलं.

बाईंनी नुसता चमचा पुढे केला. काकांनी तो केकमध्ये खुपसला आणि वर काढला, तर चमच्यावरून दाट, काळा, वाफाळता रस ओघळत होता. पाणी केकमधून वाट काढत खाली गेलं होतं. जाताना कोको आणि साखर घेऊन गेलं होतं, आणि केक त्याला जागा देत वर आला होता. कुणी ढवळलं नव्हतं, कुणी वेगळं केलं नव्हतं. पाणी खाली जाऊ नये म्हणून ते जन्मभर झगडले, आणि इथे ते खाली गेलं म्हणूनच पुडिंग झालं होतं. हे सगळं बाईंना आजही ठाऊक होतं, मापासकट, जसंच्या तसं. पुडिंगचं नवल त्यांना वाटलंच, पण खुर्चीतल्या बाईंकडे पाहून त्याहून जास्त वाटलं. आपण रोज कुणाला हो हो म्हणत होतो, हे त्यांना तेव्हा दिसलं.

काकांनी बशी भरून बाईंच्या हातात दिली. बाईंनी घास घेतला, जिभेवर घोळवला.

"पाणी कमी घातलंत," त्या म्हणाल्या.

काकांची नजर किटलीकडे गेली.

"अर्धा कप. रस घट्ट झालाय."

किटली ओट्यावर झाकण लावून उभी होती. बाईंनी काही ती उघडून पाहिली नव्हती. कपच लहान होता, दूधच दाट होतं, अशी एखादी थाप सहज खपली असती. पण काका बाईंसमोर येऊन बसले.

"विश्वास बसला नाही माझा," ते म्हणाले. "पुडिंगवर नाही गं. तुझ्यावर."

"माहितीये," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा घास घेतला.

"घर विकायचं ठरवलंय आम्ही. लेकीकडे राहायला जायचं म्हणून. तुला न विचारता ठरवलं. आता विचारतो. जायचं तुला?"

बाईंनी बशी मांडीवर ठेवली. "मला..." म्हणाल्या आणि अडल्या. एक भलताच शब्द बाहेर आला. फळा पुसावा तसा हात हलवून त्यांनी तो पुसून टाकला. पुन्हा ओठ जुळवले. काकांच्या जिभेवर शब्द आयता होता, पण त्यांनी तोंड घट्ट मिटलं. बशीतली वाफ विरली. रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायला धडपडत होतं, ती सुरू होऊन निघूनही गेली. काका थांबून राहिले.

"मला नाही जायचं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला?"

हे काकांनाही आजवर कुणी विचारलं नव्हतं. उत्तर द्यायला त्यांना बाईंपेक्षा जास्त वेळ लागला.