गिरडची टेकडी आणि साडूभाऊंची काठी

गिरडच्या दर्ग्याला जायचं ठरलं ते सासूबाईंच्या फोनमुळे. "जवाईबापू, गुडघे साथ देऊन राह्यले तोवर मले एकदा गिरडले घेऊन चाला," त्या म्हणाल्या. मी लगेच हो म्हटलं. भक्तीबिक्ती नंतर, माझ्या डोळ्यांसमोर वडनेरच्या त्यांच्या बैठकीची भिंत होती. तिला नवा रंग दिला होता आणि तिच्यावर एकच फोटो, तोही गिरडचा, लावणार, असं त्या सगळ्यांना सांगून बसल्या होत्या. घरादाराचे फोटो वर्षानुवर्षं मीच काढत आलो. तो मान माझाच, असं मी धरून चाललो होतो.

वर्ध्याजवळच्या नालवाडीहून मी आणि बायको सुनंदा सकाळी सातला निघालो. वर्ध्याहून एसटीने जामपर्यंत या, चौकात आलूबोंडा आणि चहा उरकून घ्या, मग समुद्रपूरमार्गे गिरडची गाडी बघा. आम्हाला ती बघावी लागली नाही. माझे साडूभाऊ हिंगणघाटला राहतात. ते सासूबाईंना घेऊन स्वतःच्या नव्या कोऱ्या गाडीने जामला आले. गाडी मी कशीबशी पचवली. मग त्यांनी डिकीतून काठी काढली.

चढणीवर टेकायची हलकी काठी. वरची गोल मूठ फिरवून काढली की खाली स्क्रू. त्यावर त्यांनी साबणाच्या वडीएवढा डिजिटल कॅमेरा बसवला, टायमर लावला, काठी समोर उंच धरली आणि दहा सेकंदांत आम्ही चौघेही फोटोत!

"पाहा साडूभाऊ, आता फोटो काढणारा बाहेर राह्यत नाई," ते म्हणाले.

"अगं माय! मी आताच दिसून राह्यली यात!" सासूबाई कॅमेऱ्यात डोकावत म्हणाल्या. माझ्या गळ्यात रोलचा कॅमेरा होता, छत्तीस फोटोंचा, धुऊन यायला आठवडा. माझा असा जळफळाट झाला की हातातला आलूबोंडा संपेना.

टेकडीवर ऊन चढायच्या आत पोचा आणि पाणी सोबत ठेवा. पायऱ्या दमवतात, पण चादर घेऊन दर्ग्याला निघालेल्या बायाबापड्यांशी बोलत चढलं की जाणवत नाही. सासूबाई थोड्या थोड्या वेळाने बसायच्या, आणि बसल्या की काठी वर जायची. मी "हलू नका" म्हणेपर्यंत साडूभाऊंचा फोटो पाहूनही झालेला असायचा.

"तुम्ही काऊन तोंड पाडून राह्यले?" सुनंदाने विचारलं.

"ऊन लागते," मी म्हटलं.

वर पोचल्यावर साडूभाऊ "धरा जरा" म्हणत काठी माझ्या हातात देऊन चपला ठेवायला गेले. मी इकडे तिकडे पाहिलं आणि कॅमेरा दोन आटे सैल केला. हो, केला. कॅमेरा कलंडावा, फोटो वाकडा यावा आणि सगळ्यांनी पुन्हा माझ्याकडे वळावं, एवढंच डोक्यात होतं.

ते आले, टायमर लावला, काठी उंच धरली. सासूबाई पुढच्या पायरीवर बसल्या होत्या आणि कॅमेरा नेमका त्यांच्या कपाळाच्या वर डुगडुगायला लागला. मी पुढे झुकून त्यांच्या डोक्यावर दोन्ही हात धरले. तेवढ्यात फोटो निघाला. कॅमेरा पडला नाही. नंतर काठी बघायच्या निमित्ताने मी आटे गुपचूप आवळले.

घरी येऊन मी रोल धुवून घेतला. सासूबाईंचा एक फोटो इतका सुरेख आला होता की मी तो मोठा करून पाठवला. महिन्याभराने आम्ही सगळे वडनेरला जमलो. भिंतीवर साडूभाऊंचा फोटो होता. माझ्या हातांसकट.

"तुमचे फोटो साजरेच असतात," सासूबाई मला म्हणाल्या, "पण त्यात तुम्ही कुठी असता? अन् यात पाहा. मले ऊन लागू नाई म्हणून डोक्यावर हात धरले. पोटचा पोरगा नाई करत एवढं."

शेजारी साडूभाऊ बसले होते. काठी त्यांची, कॅमेरा त्यांचा आणि कौतुक माझं. त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं, ते मला एका नजरेत ओळखू आलं. तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं. मी चहाचा कप उचलला आणि म्हटलं, "त्यात काय एवढं, आई."