कचरा घेऊन वर्गात या

प्रतिभाला शेवटची भेटले ती हॉस्पिटलात. मी संख्याशास्त्र शिकवते, ती पर्यावरण शिकवायची. कॉलेजात आमची बसायची खोली एकच. "इतक्या वर्षांत एका तरी पोराची सवय बदलली असेल का गं?" तिने विचारलं. "असेल की," मी म्हटलं. "संख्याशास्त्रवाली ना तू? असेल काय म्हणतेस..." ती हसली आणि दमून तिने डोळे मिटले. त्याच आठवड्यात ती गेली.

पर्यावरणाचा पेपर सक्तीचा झाला तेव्हा कॉमर्सचा वर्ग तिच्या गळ्यात पडला. शहरात आयटी कंपन्या येत होत्या, पोरांचं सगळं लक्ष नोकरीकडे. तरी ओझोनचा थर त्यांना तोंडपाठ, आणि कळकळही खरी. निबंध वाचून गहिवरून यावं. वर्ग सुटला की बाकांखाली वेफर्सची पाकिटं! प्रतिभा चिडायची. "माहिती आहे, तळमळ आहे, मग अडतंय कुठे?" शेवटी तिने फर्मान काढलं: आठवडाभरात आपण स्वतः केलेला सुका कचरा शनिवारी वर्गात आणायचा. पालकांचे फोन आले, प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. शनिवारी मी मुद्दाम दारातून डोकावले, तर जवळजवळ प्रत्येकाने कचरा आणायला नवी कोरी प्लॅस्टिकची पिशवी विकत घेतलेली! "कचरा कमी पडेल अशी भीती वाटली का?" प्रतिभाने विचारलं. वर्ग हसला, तीही हसली. खोलीत आल्यावर मात्र त्यातली एक कोरी पिशवी उलगडत, पुन्हा घडी घालत बसली... तिला तसं बसलेलं मला अजून दिसतं.

परवा नारायण पेठेत किराणा घेत होते. शेजारी उभ्या मुलीपुढे दुकानदाराने प्लॅस्टिकची पिशवी धरली, तर तिने घाईने "नको, नको" म्हणत पर्समधली कापडी पिशवी काढली. गळ्यात कंपनीचं कार्ड. "मॅडम, ओळखलंत? मी सोनाली. प्रतिभा मॅडम कशा आहेत?" मी सांगितलं. हातातलं सामान तिने परत फळीवर ठेवलं. मग म्हणाली, "खरं सांगू मॅडम? शिकवलेलं काही आठवत नाही. ओझोनबिझोन सगळं विसरले. पण कुणी पिशवी पुढे केली, की त्या शनिवारची अजून लाज वाटते हो."

दुसऱ्या दिवशी खोलीत शिरता शिरताच मी म्हणाले, "अगं, ऐक ना..." प्रतिभाच्या जागी आलेली नवी प्राध्यापिका दचकली. "काय मॅडम?" मग तिलाच सगळं सांगितलं. गुणी मुलगी आहे, कौतुकाने ऐकून घेतलं तिने. पण ते प्रतिभाने ऐकायला हवं होतं.