सोनकांबळ्यांची भांगबियांची चटणी

"हैदराबादला ये. दोन दिवस माझ्या स्टॉलवर उभी राहा. चटणी विकायचीय, भांगेची!" चुलतबहीण वैशालीताईचा फोन आला आणि मी ऑफिसात इतक्या जोरात हसले की सगळे वळून बघायला लागले. आई म्हणाली, "पोलीस धरतील गं." तर वाचकहो, आधीच सांगते: भांगेच्या बिया विकणं कायदेशीर आहे आणि त्या खाऊन नशा होत नाही. मी दोन दिवस चमचे चाटून खात्री केलीय.

पुण्याहून सकाळची शताब्दी घ्या, दुपारी सिकंदराबाद. बरकतपुऱ्यापर्यंत रिक्षावाल्याने दोनशे सांगितले, दीडशेवर आला. ताईच्या दारातच मला ठसका लागला. आमच्या नांदेडकडच्या जवसाच्या चटणीचीच रीत, फक्त जवसाऐवजी भांगबिया: भाजायच्या आणि लसूण-मिरची घालून खलबत्त्यात कुटायच्या. भाकरीबरोबर मी अर्धी बरणी फस्त केली.

संध्याकाळी सुलतान बाजारातून लेबलं आणली. छापणाऱ्याने सुचवलं होतं, 'आजीची सोवळ्यातली चटणी' लिहा, माल पटापट उठेल. "आपल्या आजीचं सोवळं!" ताई पोट धरून हसली. तिने ठसठशीत छापून घेतलं होतं: वैशाली सोनकांबळे.

सकाळी प्रदर्शनात स्टॉल मांडला. प्रदर्शन भांगेच्या कायदेशीर धंद्याचं. मंचावर 'सर्वांसाठी संधी' असा फलक, खाली सहा खुर्च्यांत सहा पुरुष. ताईने मला कोपराने ढोसलं आणि आम्ही दोघी टेबलाखाली वाकून हसलो.

तेवढ्यात चार दुकानांचे एक मालक आले. चटणी चाखली, बोट चाटलं.

"भाभी, मालिक किधर हैं?"

"मैंइच हूँ. बोलो."

त्यांनी बरणी फिरवून लेबल वाचलं, पुन्हा वाचलं. "नाम निकाल देते क्या? चारों दुकानों में रख लेता मैं."

चार दुकानं! याच धंद्यासाठी ताईने लॅबमधली नोकरी सोडली होती. मी असते तर हो म्हटलं असतं.

"नक्को," ताई म्हणाली. "नाम निकला तो चटनी भी निकली."

त्यांनी एक बरणी विकत घेतली आणि गेले. पाण्याची अख्खी बाटली ताईने घटाघटा संपवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा हजर. "हमारी अम्मा पूरी बरनी साफ कर दी. एक दुकान से शुरू करते. नाम रहने दो."

एकच दुकान, पण नावासकट! त्यांची पाठ वळताच आम्ही स्टॉलमागे नाचलो. मंचावर सहा पुरुषांचं अजून चाललंच होतं.

घरी आईने चटणी खाल्ली आणि काही होतंय का म्हणून तासभर सोफ्यावर बसून राहिली. मग म्हणाली, "अजून वाढ."

या ब्लॉगखाली मी पाच वर्षं नुसतं 'प्रज्ञा' लिहीत आले. सुटसुटीत दिसतं, असं सगळ्यांना सांगायचे. खोटं होतं ते, मला भीती वाटायची. ताईची बरणी आता माझ्या लॅपटॉपशेजारी आहे, लेबल माझ्याकडे करून.

— प्रज्ञा सोनकांबळे