निधनाच्या चौकटीतली लुकलुक

बाळा परब रोज सकाळी एकदा मरायचा आणि मग चहा मागायचा.

भांडुपच्या खोलीत खाटेवर पडल्या पडल्या तो गावच्या मंडळाचं ॲप उघडायचा. ते त्याच्याच मुलाने, नितेशने बनवलेलं. पूर्वी गिरणीची पाळी संपवून बाळा मंडळाच्या खोलीतल्या फळ्यावर खडूने बातम्या लिहायचा. आता मूत्रपिंडं थकली, डायलिसिसपुरतंच काय ते बाहेर पडणं उरलं, म्हणून फळा मोबाइलमध्ये आला. पहिल्याच पानावर अध्यक्ष म्हणून बाळाचा फोटो, त्याखाली 'दुःखद निधन' हे सदर.

घोळ तिथेच होता. निधनाची बातमी उघडली की गेलेल्या माणसाचा फोटो हळूहळू उजळत यायला हवा. त्याऐवजी त्या चौकटीत आधी बाळा लख्ख दिसायचा, मग सगळं काळं व्हायचं आणि मग खरा मेलेला अवतरायचा.

"वाट लागली रे नितेश," मंडळाचे चिटणीस अनंतकाका फोनवर ओरडले. "लोक विचारतायत, बाळासाठी हार कधी आणू? सभेच्या आधी काढ ते!"

नितेश अंधेरीच्या कंपनीत दिवसभर परक्यांची ॲपं दुरुस्त करायचा, आणि घरी हा दिव्याखाली अंधार. त्याच्या नव्या फोनवर हा घोळ दिसायचाच नाही. बापाच्या आणि मंडळातल्या इतरांच्या जुन्या, मंद फोनांवर तेवढा दिसायचा. त्याने बापाचा फोन मागितला.

"नाय देवचंय," बाळा म्हणाला. "मरणाची खोटी खबर उठली काय माणसाचा आयुष्य वाढता. माझा रोज वाढता हा."

नितेश हसला. त्याची आई, प्रेमा, हसली नाही. "रवांदे रे ता लुकलुकणा, काढू नको," ती म्हणाली. तिने फोन नवऱ्याच्या उशीखाली सारला.

मग एके दिवशी बाळाला धाप लागली. त्याला मुलुंडच्या हॉस्पिटलात ठेवलं, प्रेमा त्याच्याजवळ थांबली. नितेश कपडे न्यायला घरी आला, तर उशीखाली फोन. शिकलेला माणूस, बापाचा जीव काय स्क्रीनला टांगलाय, असं मनाशी म्हणत बसला दुरुस्तीला. आधी फोटो उजळण्याचा वेग कमी करून पाहिला, तर बाळा आणखीच रेंगाळायला लागला. मग डोक्यात उजेड पडला. अध्यक्षाच्या आणि निधनाच्या फोटोंना चौकट एकच होती आणि नवा फोटो आणण्याआधी जुना पुसायचाच राहिला होता. फळा पुसल्याशिवाय नवी बातमी लिहायची नाही, हे बाळानेच त्याला लहानपणी सांगितलेलं. त्याने पुसलं. फोटो अलगद उजळला, काही लुकलुकलं नाही. "झकास," तो स्वतःशीच म्हणाला आणि कपडे घेऊन निघाला.

बाळा घरी परत आला नाही.

स्मशानातून आल्यावर बातमी नितेशलाच टाकावी लागली. प्रेमाने ती बाळाच्याच फोनवर उघडायला लावली. फोटो हळूहळू उजळला आणि तसाच राहिला.

"परत उघड."

त्याने उघडली. बाळा आला आणि राहिला.

"नितेशा, तू ता काढलंस?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"कधी?"

"कपडे न्यायला आलेलो, तेव्हा."

आईने एक थोबाडीत मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने पदराने काच पुसली आणि फोन परत बाळाच्या उशीखाली ठेवला.