शुक्रवारची मिस्सा

माझ्या बायकोबद्दल वसईला आमच्या गावात असं बोललं जातं की, आखातात राहून ती स्वतःला मोठी समजायला लागली, सख्ख्या बहिणीचा फोनसुद्धा घेत नाही, बहिणीच्या नातीच्या लग्नालाही आली नाही. हे खरं नाही. हे माझ्यामुळे बोललं जातं. माझं वय झालं आहे, म्हणून आता लिहून टाकतो.

दुबईला असताना आम्ही ऊद मेथाजवळ राहायचो. मी दूर मरीना भागातल्या एका हॉटेलच्या लाँड्रीत होतो. जाणं-येणं लांब पडायचं, पण चर्च चालत जाण्यासारखं होतं आणि मुलाची शाळाही तिथेच, म्हणून तिने घर बदलू दिलं नाही. तेव्हा इथे सुट्टी शुक्रवारी असे. चर्चही त्याप्रमाणे चालायचं. रविवारची मिस्सा आम्ही शुक्रवारी ऐकायचो आणि रविवारी कामावर जायचो. गावाहून कोणी आलं की हसायचं, तुमचा देव दोन दिवस आधी उठतो का म्हणून. आम्हाला त्यात काहीच वाटत नसे. आयुष्याची इतकी वर्षं आमचा रविवार शुक्रवारी आला.

निवृत्त झाल्यावर आम्ही अबुधाबीकडे, मोहम्मद बिन झायद सिटीत मुलाकडे आलो. आता मी मुलाच्या व्हिसावर आहे. आल्यानंतरच्या एका जानेवारीत सरकारने सुट्टी बदलली. शनिवार-रविवार सुट्टी, आणि रविवारची मिस्सा रविवारी. तो हिवाळा सगळ्यांचाच गोंधळात गेला. मुलगा एका शुक्रवारी ऑफिसचा अलार्म न लावता झोपून राहिला. मी स्वतः एकदा मुसफ्फाच्या चर्चला जायला बूट घालून तयार झालो होतो. त्यामुळे बायको दर शुक्रवारी मिस्साची साडी नेसून, पदराला पिन लावून दारात उभी राहायची, तेव्हा आम्ही हसायचो. नात म्हणायची, "ग्रँडमा, इट्स फ्रायडे!" बायकोही हसायची आणि साडी बदलायला आत जायची.

महिन्याभरात बाकी सगळ्यांचे वार ताळ्यावर आले. तिचे आले नाहीत. पण तोवर आम्हाला त्या हसण्याची सवय झाली होती. एरवी लवकर लक्षात आलं असतं का, मला सांगता येणार नाही. पण तिचा आजार आमच्या सगळ्यांच्या चुकीत मिसळून गेला, एवढं खरं.

पुढच्या हिवाळ्यात ते लपलं नाही. इथले हिवाळ्याचे महिने म्हणजे चालण्याचे महिने. उन्हाळाभर एसीत कोंडलेली माणसं बाहेर पडतात. पहाटे धुकं असतं, संध्याकाळी स्वेटर लागतो, व्हिलांच्या ओट्यांवर कोळशाचा वास येतो. आम्ही दोघं मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या बांगेनंतर ब्लॉकला वळसा घालायचो. एके संध्याकाळी कोपऱ्यावर ती थांबली आणि म्हणाली, "आता वळलं की विहीर, मग आईचं घर." मी म्हटलं, कुठली विहीर? तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मलाच वेड लागलं असावं. तेव्हापासून मी तसं विचारत नाही. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि या गोळ्यांनी फार काही होणार नाही हेही सांगितलं.

तिची थोरली बहीण गावाहून दर रविवारी मिस्सा आटोपली की फोन करायची. मी घ्यायचो. ती अंघोळीला गेली आहे. ती झोपली आहे. तिचा घसा बसला आहे. शेवटी सबबी संपल्या, तेव्हा मी म्हणालो, "ताई, तिला आता फोनवर बोलायला आवडत नाही." मग ताई म्हणाली, "बरं. मोठी माणसं तुम्ही." आणि ठेवला.

ताईच्या नातीचं लग्न नाताळाच्या दिवसांत होतं. हळदीला पहिला हात धाकट्या आजीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, हा तिच्या माहेरचा मान. मी कळवलं, तिचा यायचा विचार नाही.

तिनेच मला सांगितलं होतं, बहिणीला कळवू नका, असं इथे लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. तिने तसं कधी म्हटलं नव्हतं. मीच घाबरलो. आमच्या गावात कुणाचं डोकं चालेनासं झालं की लोक त्या घरापुढून जाताना आवाज खाली करतात, आणि मुलं खिडकीतून डोकावतात. मी लहानपणी डोकावलो आहे. तिच्याकडे कुणी तसं बघू नये, त्यापेक्षा तिला गर्विष्ठ म्हटलेलं बरं, असा माझा हिशेब होता. तिला काय बरं वाटलं असतं, हे मी विचारलं नाही. विचारण्यासारखं होतं तेव्हाही नाही.

ताईने फोन करणं बंद केलं.

या डिसेंबरात बायकोने गोठ्यासाठी नाचणी पेरली. आमच्याकडे नाताळाआधी करवंटीत नाचणी पेरतात, तिचे हिरवे कोंब बाळ येशूच्या गोठ्याभोवती शेतासारखे मांडतात. इथेही तिने ते कधी चुकवलं नाही. या वर्षी पेरलेलं ती विसरायची आणि पुन्हा पेरायची. करवंट्या संपल्यावर वाट्या घेतल्या, मग चहाचे कप. सगळ्या खिडक्यांत नाचणी झाली, कुठे वीतभर, कुठे नुकती फुटलेली. सुनेने गुपचूप नवे कप आणले.

नाताळाच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी जपमाळ म्हणताना मला डुलकी लागली. उठलो तर दार उघडं आणि तिची चप्पल नाही. माझा फोनही सापडेना. मी तसाच निघालो. धावणं आता जमत नाही, भरभर चालणंही धड नाही. सगळ्या व्हिला सारख्या, सगळ्या भिंती मातकट, प्रत्येक वळणावर तीच मशीद आहे असं वाटत होतं. कुणाला काय विचारू? मिस्साची साडी नेसलेली बाई पाहिलीत का? माझ्या तोंडून नीट हिंदीसुद्धा फुटेना.

ती आमच्या नेहमीच्या बकाल्यापुढे, किराणा दुकानापुढे, सापडली. दुकानदार रायगडचा, त्याने तिला बाहेर पेप्सीच्या क्रेटवर बसवून हातात कडक चहा दिला होता. मला पाहून म्हणाला, "या चाचा, बसा आधी. मघापासून तुम्हाला फोन लावतोय, तर रिंग मॅडमच्या पर्समधनं येतेय." प्रार्थनेचं पुस्तक समजून तिने माझा फोन पर्समध्ये टाकला होता. मी शेजारच्या क्रेटवर बसलो. ती म्हणाली, "उशीर केलात. मिस्सा सुरू झाली असेल."

तेवढ्यात पर्समध्ये पुन्हा रिंग वाजली. दुकानदार तर समोर उभा होता. मी हात पुढे केला, पण तिने आधीच फोन काढून कानाला लावला. फोन ताईचा होता, नातीच्या लग्नानंतर वर्षभराने आलेला. नाताळ आला, रागावून किती दिवस राहायचं, असं तिला वाटलं, हे मागाहून कळलं.

बायको आमच्या बोलीत बोलायला लागली. ती बोली तिच्या तोंडून मी कित्येक दिवसांत ऐकली नव्हती. आवाज मुलीसारखा झाला होता. "बाय, मी निघालेय गं. आईला सांग, रागावू नको. तिचं लुगडं वाळलं असेल तर काढून ठेव, नाहीतर दव पडेल."

त्यांची आई जाऊन किती वर्षं झाली. फोन मागून घ्यावा असं मला वाटलं, पण मी कान फोनच्या जवळ नेला.

मग ताई म्हणाली, "काढलं गं लुगडं. आई म्हणते, हळू ये. घाई करू नको."

"बरं," बायको म्हणाली, फोन माझ्या हातात दिला आणि चहा प्यायला लागली.

ताईने विचारलं, "कधीपासून?" मी सांगितलं. ती म्हणाली, "हळदीला तिच्यासाठी घेतलेली मानाची साडी मी दुसरीला देऊन टाकली. सगळ्यांसमोर दिली. चिडून दिली." मग म्हणाली, "मला का नाही सांगितलंत?" आजही ती हा प्रश्न विचारते.

आता ताई रोज संध्याकाळी, आमच्या चालण्याच्या वेळेला फोन करते. मी फोन बायकोच्या कानाशी धरून शेजारून चालतो. मध्ये बोलायचं नाही, अशी ताईची ताकीद आहे. ताई आईचे निरोप सांगते. केळी पिकल्यात, दिवा लावलाय, तुझ्यासाठी भाकरी झाकून ठेवली आहे. एकदा तिने साडीबद्दल माफी मागितली. बायको म्हणाली, "कुठली साडी गं?" आणि ताई रडायला लागली. बायकोला ते कळलं नाही.

फोन ठेवला की बायकोचा वेग वाढतो. भाकरी थांबली आहे ना. ती माझा हात ओढते, कोपरा येतो, आम्ही वळतो. पुढे पार्क केलेल्या गाड्या असतात आणि दुसरा कोपरा. ती मला विचारते, "अजून किती राहिलं?"

मी म्हणतो, "आलंच."